नावावरचा हप्ता आणि हातातली नोकरी

कुणी भाकरी थापत ऐकत असाल, कुणी शेळ्या बांधून आत्ताच टेकला असाल. आज थोडा कान इकडे द्या. विषय कर्जाचा आहे, पण त्याहून जास्त लेकीबाळींच्या नोकरीचा आहे.

मी बँक सखी म्हणून गटागटांत फिरते. एका गटातल्या मावशी एकदा पदराने डोळे पुसत आल्या. म्हणाल्या, "ताई, पोरगी बँकेची परीक्षा पास झाली. गावात पेढे वाटले. आता म्हणतात, तिचं सिबिल खराब आहे. तिनं तर कधी कर्ज घेतलंच नाही!"

आम्ही पोरीचा रिपोर्ट काढला. त्यात तीन वर्षांपूर्वीचा हप्त्यावरचा मोबाईल निघाला. घेतला होता धाकट्या भावासाठी. त्याला अठरा पूर्ण नव्हती, म्हणून आधार आणि पॅन बहिणीचं लावलं. शेवटचे तीन हप्ते राहिले. मोबाईल बिघडला तसा हप्ताही विसरला. पण मोबाईल बंद पडला म्हणून नोंद बंद पडत नाही. रुजू व्हायला तीन आठवडे उरले होते.

हे सिबिल म्हणजे काय? आपल्या किराणा दुकानात उधारीची वही असते ना, तशीच देशभराची वही समजा. ती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. बँका, फायनान्स कंपन्या, गावात येणाऱ्या मायक्रोफायनान्सवाल्यासुद्धा आपला हप्ता वेळेवर आला की चुकला, ते या कंपन्यांना कळवतात. त्यावरून 300 ते 900 मध्ये गुण मिळतात. पैसा कुणी वापरला, हे त्या वहीत लिहिलेलं नसतं. कर्ज कुणाच्या नावावर आहे, तेवढंच दिसतं.

सरकारी बँकांची भरती आयबीपीएस ही संस्था करते. तिच्या अलीकडच्या जाहिरातींत स्पष्ट लिहिलेलं असतं, की उमेदवाराचा कर्जव्यवहार चांगला हवा. वाईट नोंद असेल तर रुजू होण्याआधी ती दुरुस्त करून घ्या, नाहीतर ज्याचं कर्ज त्याच्याकडून बेबाकी दाखला आणा. तेही जमलं नाही तर नेमणूक रद्द होऊ शकते. स्टेट बँकेचा नियम याहून कडक आहे. तिथे कर्ज थकवल्याची नोंद असलेला उमेदवार अपात्र ठरू शकतो. अशाच एका उमेदवाराची नेमणूक बँकेने रद्द केली. मी सगळं कर्ज फेडलं आहे, असं म्हणत तो कोर्टात गेला. पण 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला. लोकांचा पैसा सांभाळणाऱ्याला स्वतःच्या पैशाची शिस्त हवी, असं कोर्टाचं म्हणणं पडलं.

आपल्याला हे कठोर वाटेल. पण आपणही गटाची पेटी कुणाच्या घरी ठेवायची, हे ठरवताना हाच विचार करतो. कर्ज असणं हा दोष नाही. ते तसंच सोडून देणं महागात पडतं.

मग करायचं काय? पोरगा-पोरगी नोकरीचा फॉर्म भरतील, त्याच वेळी त्यांचा रिपोर्ट काढा. नेमणुकीच्या पत्राची वाट बघू नका. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. रिपोर्ट कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच काढा.

शिक्षणाचं कर्ज लेकराच्या नावावर असतं, हे विसरू नका. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ता सुरू होतो. तेव्हा अडचण असेल तर बँकेत जाऊन बोला, तोंड लपवू नका.

थकलेल्या कर्जात "थोडे भरा, बाकीचे सोडतो" असं कुणी म्हणालं, तर जपून. अशा खात्यावर "सेटल्ड" असा शेरा पडतो. जमत असेल तर पूर्ण फेडा आणि बेबाकी दाखला घेतल्याशिवाय उठू नका.

नोंदच चुकीची असेल तर बँकेकडे किंवा त्या कंपनीकडे तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळायला हवी. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी 14448 वर फोन करा. तक्रारीला पैसे लागत नाहीत. "पाच हजार द्या, सिबिल साफ करतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खरी नोंद कुणी पैसे घेऊन पुसू शकत नाही.

त्या मावशींच्या पोरीचं काय झालं? तीन हप्ते आणि वरचा दंड भरला. रक्कम मोठी नव्हती, दाखला मिळवायला मात्र चार खेटे घालावे लागले. रुजू व्हायच्या दोन दिवस आधी तो हातात पडला. आज ती काउंटरवर बसते. पण ते तीन आठवडे त्या घरात कुणी धड जेवलं नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एकमेकींना एवढंच विचारा: माझ्या नावावर, माझ्या लेकीच्या नावावर काय काय आहे? उत्तर माहीत नसेल, तर शोधायला तिथूनच सुरुवात करा.