‘नावावर केली’ म्हणजे नेमकं काय केलं?



पुणे–सोलापूर रस्त्यानं उरुळी कांचन सोडलं की यवतच्या अलीकडे कासुर्डी लागतं. दौंड तालुक्यातलं गाव. हमरस्ता दारात आणि आजूबाजूला ऊस, त्यामुळे जमिनीला भाव आहे, आणि भाव आला की कागद आलेच. अशा गावात चहाच्या टपरीवर घटकाभर बसलात तर एक वाक्य हटकून कानावर पडतं, “म्हाताऱ्यानं दोन एकर धाकट्याच्या नावावर केली.” ऐकणारा मान डोलावतो. पण केलं काय म्हाताऱ्यानं? खरेदी दिली, बक्षीस दिली, वाटणी केली, मृत्युपत्र लिहिलं, की नुसतं कुलमुखत्यारपत्र करून दिलं? या पाचही गोष्टींना बोलण्यात आपण ‘नावावर केली’ म्हणतो. कायद्याच्या हिशेबात मात्र त्या पाच वेगळ्या आहेत.

सुरुवात स्टँपपासून करू. “आम्ही स्टँपवर लिहून घेतलंय,” असं लोक मोठ्या भरवशानं सांगतात. स्टँप म्हणजे सरकारला भरलेलं मुद्रांक शुल्क. नोटरीचा शिक्का म्हणजे सही कुणी केली याची साक्ष. या दोन्हींनी जमीन हलत नाही. नोंदणी कायदा १९०८ चा आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क दस्तानं द्यायचा असेल, तर तो दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावाच लागतो, आणि सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत हजर करावा लागतो. साध्या स्टँपवर, नोटरीसमोर घेतलेलं गुंठ्याचं ‘खरेदीखत’ नावाला खरेदीखत असतं. मालकी मूळ मालकाकडेच राहते.

आता साठेखत आणि खरेदीखत. इसार दिला, किंमत ठरली, उरलेली रक्कम अमुक तारखेला द्यायची, असा करार म्हणजे साठेखत. विकण्याचं ते वचन आहे. वचन मोडलं तर कोर्टात जाता येतं, पण वचनानं मालक बदलत नाही. मालक बदलतो तो नोंदवलेल्या खरेदीखतानं. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा हे स्पष्ट सांगतो. कुलमुखत्यारपत्राचंही तेच. “विक्रीचे सर्व अधिकार दिले” असं लिहून, पैसे मोजून जमीन घेणारे कमी नाहीत. मुखत्यार हा मालकाच्या वतीनं सही करणारा माणूस, तो स्वतः मालक नव्हे. मालक वारला की एरवी त्याचा अधिकारही संपतो. अशा कागदांवर झालेली विक्री म्हणजे हस्तांतरण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली निःसंदिग्धपणे सांगितलं आहे.

याच्या उलटही घडतं. कागद पक्का असतो आणि बोलणं कच्चं. अडचणीत माणूस पैसे उचलतो. देणारा म्हणतो, “खरेदीखत करून दे, पैसे फेडलेस की जमीन परत.” कागदावर कायमची खरेदी, बोलण्यात गहाण! या मुलखाला हा अनुभव जुना आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा ते भीमथडीत होतं, आणि आजच्या दौंडचा भागही त्याच जुन्या तालुक्यात होता. लोण शिरूर आणि इंदापूरकडे पसरलं, नगर जिल्ह्यातही गेलं. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकाराच्या घरातून कर्जाची खतं, हुकूमनामे बाहेर काढायचे आणि पेटवून द्यायचे. वाचता न येणाऱ्यानं निशाणी करून दिलेला कागद त्याचीच जमीन नेत होता.

सरकारनं चौकशी आयोग नेमला. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. शेतकऱ्याचा कर्जाचा दस्त गावनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, अशी तरतूद त्यात होती. खरेदीखताच्या आड दडलेलं गहाण शोधून काढण्याची मुभाही पुढे न्यायालयांना मिळाली. आज नियम असा आहे, की ‘पैसे फेडल्यावर जमीन परत’ ही अट त्याच दस्तात लिहिलेली हवी, तरच ते मुदत खरेदीचं गहाण ठरतं. १९२९ च्या दुरुस्तीनं ही अट मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आली. बोली तोंडी राहिली तर ती सिद्ध करता करता आयुष्य जातं. सावकारीतून जमीन गेली असेल तर एक वाट आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा निबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशीत व्यवहार सावकारीचा निघाला, तर जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो.

घरातले कागद याहून नाजूक. बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यांत लोक नेहमी गल्लत करतात. बक्षीसपत्र नोंदवलं आणि मुलानं ते स्वीकारलं, की जमीन त्याच दिवशी गेली. नंतर मुलगा बघेनासा झाला म्हणून ते सहजासहजी फिरवता येत नाही. म्हणून सांभाळण्याची अट दस्तातच घालून घ्यावी, म्हणजे ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचा आधार मिळतो. मृत्युपत्राचा अंमल माणसाच्या पश्चात. जिवंतपणी ते कितीही वेळा बदलता येतं, आणि शेवटचं तेच खरं. त्याला नोंदणीची सक्ती नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतातच.

मग हक्कसोडपत्र. यावर मुद्रांक शुल्क थोडं लागतं, म्हणून तो किरकोळ कागद समजला जातो. वडील गेल्यावर बहिणींना तहसीलच्या गावी बोलावतात, “वारसाच्या सह्या करायच्यात” म्हणतात. वारसनोंद आणि हक्कसोड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वारसनोंदीनं बहिणीचं नाव लागतं. हक्कसोडपत्रानं तिचा हिस्सा जातो. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. तिला सोडायचा असेल तर तिनं जरूर सोडावा, पण काय सोडतेय हे तिला माहीत असावं.

आणि ज्याच्या जोरावर आपण सगळे बोलतो तो सातबारा? तो महसूल खात्याचा उतारा आहे. विरुद्ध पुरावा येईपर्यंत तो खरा मानतात, पण मालकी जन्माला येते ती दस्तातून किंवा वारशातून. जुन्या उताऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं दिसतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं, जमीन सगळ्यांची. ही तीन अक्षरं न वाचता खरेदी घेणारा पुढे भावकीच्या दाव्यात सापडतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी “नावावर करून टाकू” म्हणालं, तर आधी विचारा, कोणत्या दस्तानं? मालकी आज जाते की माझ्या मागं? हा दस्त पुन्हा फिरवता येतो का? शीर्षकावर विसंबू नका, आतला मजकूर घरच्या जाणत्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या. नोंदणीच्या वेळी दुय्यम निबंधक लिहून देणाऱ्याला विचारतात, “हा दस्त तुम्ही लिहून दिलात, कबूल आहे?” रांग लांब असते, एजंट घाई करत असतो, आणि माणूस सवयीनं ‘हो’ म्हणून जातो. तिथं ‘नाही’ म्हणायचा तुम्हाला पुरता अधिकार आहे. लिहून देणारा नाकबूल झाला, तर त्याच्यापुरती नोंदणी दुय्यम निबंधकांना नाकारावीच लागते.