पहिले वर्ष : मुलांचे आणि पालकांचेही

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित अंश)



मुलांनी शिक्षणासाठी घर सोडणे आपल्या सांगली-कोल्हापूर परिसराला नवे नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ सालापासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. तेथील जैन बोर्डिंगमध्ये राहूनच कर्मवीर भाऊराव पाटील शिकले आणि १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. वसतिगृह म्हणजे केवळ छप्पर नव्हे. तेथे मुलाची भूक ओळखणारे माणूस लागते, हे त्या माउलीने दाखवून दिले.

ही भूक ओळखण्यात मी स्वतः कसा कमी पडलो, ते आज आपल्यापुढे प्रांजळपणे सांगणार आहे.

२०११ साली माझा मुलगा पुण्यास अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेला. बारावीपर्यंत गणित हा त्याचा हातखंडा विषय. रोज रात्री मी त्याला फोन करी आणि माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, "टेस्टला किती पडले?" तिकडून उत्तरही ठरलेले, "बरं चाललंय, अण्णा." पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा "पास झालो" एवढेच तो म्हणाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याची बॅग आवरताना त्याच्या आईच्या हाती गुणपत्रिका आली. गणितात तो नापास होता.

मी संतापलो. खोटे का बोललास, असे विचारले. बऱ्याच वेळाने तो बोलू लागला. त्याने रात्रिभोजनत्यागाचा नियम घेतला होता आणि मेसचे संध्याकाळचे जेवण साडेसातला सुरू होई. थंडीत सूर्य सहालाच मावळतो. कित्येक दिवस बिस्किटे खाऊन तो झोपला होता. वर्गातील इंग्रजी व्याख्यानांचा वेग झेपत नव्हता, मागचे कळले नाही म्हणून पुढचे कळेना. "हे आम्हाला का नाही सांगितलेस?" या प्रश्नावर तो म्हणाला, "सांगणार कधी? तुमचा फोन आला की आधी मार्कच." त्या रात्री मला झोप लागली नाही.

मंडळी, आर्जव हा दशलक्षण धर्मातील एक धर्म. आर्जव म्हणजे मनाचा सरळपणा. मुलांनी सरळ वागावे अशी अपेक्षा आपण करतो; परंतु सरळ बोललेले ऐकून घेण्याची तयारी घरात नसेल, तर मुलाने सरळ कसे राहावे? पहिल्या वर्षात पालकांनी करण्यासारखे सर्वांत मोठे काम हेच, की अपयशाची बातमी घरात भीतीविना सांगता आली पाहिजे.

यासाठी काही साध्या गोष्टी अनुभवांती सुचवतो. फोनवर आधी जेवण, झोप आणि सोबती यांची चौकशी करावी. गुणांचा विषय त्याला आपणहून काढू द्यावा. प्रवेश घेतानाच मेसच्या व्यवस्थापकांना भेटून सूर्यास्तापूर्वी डबा मिळेल का, कांदा-बटाट्याविना भाजी होईल का, हे विचारावे. एरवी नियम किती पाळणे झेपते, हे मुलाला ठरवू द्यावे. नियमाच्या धाकाने त्याने घरच्यांशी खोटे बोलावे, यात कोणता धर्म साधतो? एखाद्या विषयात एटीकेटी लागली तर ती पुढच्या परीक्षेत सोडवता येते, हे आधीच सांगून ठेवावे. बँक, अर्ज, शुल्क यांची कामे त्याची त्याला करू द्यावीत. चुकेल, पण शिकेल. आणि शेजारच्या मुलाशी तुलना कटाक्षाने टाळावी.

मात्र काही गोष्टींत थांबू नये. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे; विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली कडक नियमही केले. १८००-१८०-५५२२ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करता येते. मुलगा वा मुलगी सतत गप्प राहू लागली, झोप उडाली, जगण्याविषयी निराशेचे बोलू लागली, तर "अभ्यासाला लाग, सगळे ठीक होईल" म्हणून विषय मिटवू नये. तातडीने जाऊन भेटावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत समुपदेशन मिळते. तापासाठी औषध घेण्यात कमीपणा नाही, तसाच यातही नाही.

माझ्या मुलाने पुढच्या परीक्षेत गणित सोडवले. परंतु त्याआधी, त्या वर्षीच्या क्षमावणीला, मी त्याला फोन करून क्षमा मागितली. आयुष्यात प्रथमच बापाने मुलापुढे हात जोडले होते. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग तासभर बोलत होता. मी एकही प्रश्न न विचारता ऐकत राहिलो.

यंदा ज्यांची मुले घराबाहेर पडत आहेत, त्यांनी हे ऐकणे क्षमावणीपर्यंत लांबवू नये, एवढीच नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!