चिपरवर काम करताना काय काढावे, काय घालावे



आज मानपाड्याला येताना घोडबंदर रस्त्याच्या कडेला आम्ही छाटलेल्या फांद्यांचे ढीग पाहिले. पावसाळा तोंडावर आला की शहरात फांद्या छाटतात. वाऱ्याने झाड माणसांवर पडू नये, म्हणून ही खटपट. पुष्कळ ठिकाणी त्या फांद्या यंत्रात घालून बारीक करतात. त्या यंत्राला चिपर म्हणतात.

हे यंत्र तुम्हाला नवे वाटेल, पण त्याचे भावंड तुमच्या गोठ्यात आहे. ते म्हणजे कडबाकुट्टी. कुट्टीने किती जणांची बोटे नेली, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. चिपर तिचा थोरला भाऊ. त्याच्या तोंडात दातेरी रूळ असतात. ते फांदी आत ओढतात. पुढे पोलादी पाती तिचे तुकडे करतात. काही यंत्रे एका सेकंदात दोन फूट फांदी ओढतात. आपल्या बोटापासून कोपरापर्यंतचे अंतर दीड फूटच भरते. आता तुम्हीच हिशेब करा.

म्हणून कामाआधी दोन गोष्टी करायच्या. आधी काढायचे ते काढायचे. मग घालायचे ते घालायचे.

पुढे बसलेल्या या भाऊंच्या गळ्यात पंचा आहे. फांदीला काटे असतात, आकडे असतात. पंचा त्यात अडकला तर फांदीबरोबर पंचा जाईल आणि पंच्याबरोबर मान. म्हणून पंचा, सैल सदरा, कडे, अंगठी, गळ्यातली माळ काढून ठेवा. बहिणींनो, पदर किंवा ओढणी मोकळी ठेवून यंत्राजवळ जाऊ नका. बांगड्या काढा, केस घट्ट बांधा. मंगळसूत्र काढायला मन होत नसेल, तर यंत्रापासून दूर फांद्या गोळा करण्याचे काम मागून घ्या.

आता काय घालायचे? डोक्यावर हेल्मेट. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडापुढे जाळी, कारण लाकडाची ढलपी उलटी उडते. पायांत जाड बूट. हातमोजे मनगटाशी घट्ट बसणारे. सैल तोंडाचे नकोत. कान झाकायला जाड वाट्या. रोज आठ तास 85 डेसिबलहून मोठा आवाज ऐकला तर कान हळूहळू निकामी होतात. चिपरचा आवाज पुष्कळदा 100 डेसिबलच्या घरात जातो. गेलेले ऐकू येणे परत मिळत नाही.

पण मंडळी, एक गोष्ट विसरू नका. रुळापुढे हातमोजा काही कामाचा नाही. हात तोंडात घालायचाच नाही. बारकी डहाळी लांब फांदीने ढकला, पायाने तर कधीच नको. पुष्कळ यंत्रांच्या तोंडाशी एक दांडा असतो. तो ढकलला की रूळ थांबतात. काम सुरू करण्याआधी तो चालतो का, हे रोज पाहा. यंत्र बंद केले तरी पाती काही वेळ फिरत राहतात. ती पुरती थांबल्याशिवाय अडकलेली फांदी काढू नका.

कोणी म्हणेल, "अहो, वैशाखात एवढे घालून जीव घुसमटतो!" खरे आहे. म्हणून सकाळी लवकर काम धरा. मधून मधून यंत्र बंद करा, सावलीत बसा, पाणी प्या. पण यंत्र चालू असताना चष्मा काढू नका.

दुसरा म्हणेल, "पैसे कोण देणार?" ज्याचे काम, त्याने द्यावे. कारखान्यांसाठी 1948 साली कायदा झाला. चालत्या यंत्राला तेल घालणाऱ्या कामगाराने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, असे त्यात लिहिले होते. तोच न्याय रस्त्यावरच्या कामाला का नको? एकट्याचे मुकादम ऐकणार नाही. चौघांनी मिळून मागा. एका दिवसाची मजुरी बुडाली तर पुढे भरून निघेल. हाताचे तसे नाही.

आणि आता तर तुम्हाला वाचता येते. यंत्रावर सूचनेची पाटी असते, ती वाचा. ती इंग्रजीत असेल तर जाणत्याकडून अर्थ विचारून घ्या. मग मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा आणि सर्वांना दिसेल अशी लावा. तुमच्या शेजारी काम करणाऱ्याला वाचता येत नसेल, तर काम सुरू होण्याआधी ती त्याला वाचून दाखवा.