दुपारी दोनचा फोटो



एप्रिल उजाडला की माझ्या मोबाइलवर झाडांचे फोटो यायला लागतात. गच्चीवरचा टोमॅटो, बाल्कनीतली मिरची, मान टाकलेलं वांगं, पिवळी पडलेली जास्वंद. फोटो बहुधा दुपारी दोनच्या सुमारास काढलेला असतो. त्यात पानं दिसतात, क्वचित फूल दिसतं, कुंडी मात्र कधीच दिसत नाही. खाली दोनच शब्द असतात : "काय टाकू?" झाडाला काय झालंय, हे विचारणारा माणूस दुर्मीळ. काहीतरी टाकायचं, हे सगळ्यांचं आधीच ठरलेलं असतं. युरिया टाकायचा की शेणखत, एवढाच काय तो प्रश्न.

मी नागपूरचा आहे. इथल्या नवतप्यात माणसंसुद्धा दुपारी झाडांसारखीच दिसतात. पण कुंडीतल्या झाडाची अडचण अशी, की त्याची सगळी दुखणी वरून सारखीच दिसतात. पाणी कमी झालं तर पान लोंबतं, पाणी जास्त झालं तरी लोंबतं. मुळं भाजली तरी लोंबतं, आणि खोडात रोग शिरला तरी लोंबतंच. म्हणून आज औषधांच्या यादीऐवजी बघायचं कसं, एवढंच सांगतो. उन्हाळ्यात जितकी झाडं उन्हानं जातात, तितकीच घाईघाईनं केलेल्या उपचारांनी जातात, असं माझं मत आहे.

सगळ्यात आधी वेळ. भर दुपारी पानं लोंबली आणि सूर्य कलल्यावर पुन्हा ताठ झाली, तर ते झाड आजारी नाही. पानांतून वाफ होऊन जाणारं पाणी एवढं असतं, की माती ओली असली तरी मुळांचा पुरवठा कमी पडतो. काकडी, दोडका, भोपळा या मोठ्या पानांच्या वेलींचं तर हे रोजचंच आहे. पान खाली झुकलं की त्यावर ऊनही कमी पडतं, तेव्हा यात झाडाचा फायदाच आहे. आपल्याला मात्र राहवत नाही. आपण दोन वाजता नळी घेऊन जातो, आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं, उन्हात पडलेल्या नळीतून आलेलं चटके बसणारं पाणी थेट मुळांवर ओततो. त्या पाण्यात स्वतःचा हात धरून बघा.

झाड तपासायची खरी वेळ म्हणजे पहाट. सहा वाजता पानं ताठ असतील तर निश्चिंत राहा. रात्रभराची विश्रांती मिळूनही सकाळी सहाला झाड मान टाकूनच असेल, तर मात्र बोट मातीत घाला. वरवर नको, दोन पेरं आत.

माती आत कोरडी लागली तर उत्तर सोपं वाटतं, पण तिथे एक फसगत आहे. "रोज पाणी घालते हो, खालून वाहूनसुद्धा जातं!" असं सांगणाऱ्या वहिनी खोटं बोलत नसतात. कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की पाणी धरत नाही. काळी माती सुकली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. वर ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं, आपल्याला कुंडी भिजल्यासारखी वाटते, आणि मधला गोळा मात्र कोरडा ठणठणीत राहतो. अशी कुंडी उचलून बघा, हलकी लागेल. ती पाण्यानं भरलेल्या टबात अर्धा तास ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की समजायचं, पाणी आतपर्यंत पोचलं.

माती ओली आहे आणि तरीही झाड सकाळी लोंबलेलं आहे, ही गोष्ट जास्त गंभीर. इथे पाणी वाढवणं म्हणजे आगीत तेल. मुळांना श्वास लागतो. उष्णता वाढली की त्यांची प्राणवायूची गरज वाढते, आणि नेमका गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यात कुंडीखालचं भोक बुजलेलं असलं किंवा खालच्या ताटलीत पाणी साचलेलं असलं, की मुळं गुदमरून कुजायला लागतात. मुळांनाच पाणी ओढता येत नाही, म्हणून ओल्या मातीतलं झाड तहानेलं दिसतं.

अशा वेळी मी लोकांना एक सांगतो आणि ते दचकतात. कुंडी आडवी करा, कडेला थापटा आणि झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढून मुळं बघा. मोठ्या कुंडीला हे जमत नाही, पण दहा-बारा इंचांपर्यंतच्या कुंडीत जमतं. थोडक्या वेळासाठी, सावलीत, माती न झाडता केलं तर झाड सहसा दगावत नाही. मूळ पांढरं किंवा फिकट पिवळसर आणि टणक असेल तर ते जिवंत आहे. तपकिरी, लिबलिबीत, चिमटीत साल सुटून आतला दोरा हाती येणारं आणि कुबट वास मारणारं मूळ कुजलेलं. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या, तर ते सूत्रकृमींचं काम, आणि टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्यात ते नेहमी सापडतं. चवळी किंवा वालाच्या मुळांवरच्या गाठी मात्र चांगल्या असतात. त्या सहज सुटून येतात आणि फोडल्या तर आत गुलाबी दिसतात. त्यांना घाबरून झाड उपटू नका.

कधी कधी गोळा काढल्यावर वेगळंच चित्र दिसतं. एका बाजूची मुळं पांढरीशुभ्र, दुसऱ्या बाजूची करपलेली. ती करपलेली बाजू बहुधा पश्चिमेची निघते. नर्सरीतून आलेली काळी पिशवी किंवा काळी प्लॅस्टिकची कुंडी दुपारच्या उन्हात असेल, तर उन्हाकडच्या कडेची माती ५० अंशांच्या पुढे जाऊ शकते. चाळिशीच्या आसपासच मुळांचं काम बिघडायला लागतं. जमिनीतल्या झाडावर ही वेळ येत नाही, कारण वीतभर खाली माती बरीच थंड असते. कुंडीला चारी बाजूंनी ऊन लागतं आणि खालून तापलेला स्लॅब भाजतो. आपण पानांवर हिरवी जाळी बांधतो आणि कुंडी उघडी ठेवतो, हे उलटं झालं. आधी कुंडीला सावली द्या. तिच्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळा, बाहेरून चुना फासा, खाली दोन विटा ठेवा म्हणजे स्लॅबपासून ती सुटेल. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, मोठ्या पश्चिमेला आणि लहान आत. मातीची कुंडी असेल तर उत्तमच, माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं त्याच कारणानं तिच्यातली मुळं गार राहतात. फक्त ती पाणी लवकर उडवते, एवढं लक्षात ठेवायचं. मातीवर वाळलेल्या पानांचा किंवा उसाच्या पाचटाचा दोन इंचांचा थर द्यावा, खोडाला न टेकवता.

आता पिवळेपणाकडे येऊ. पान पिवळं पडलं, एवढं कळून काही उपयोग नाही. कुठलं पान, ते सांगा. नत्र, मॅग्नेशियम, पालाश ही अन्नद्रव्यं झाडात फिरती असतात. तुटवडा आला की झाड जुन्या पानांतून ती काढून नव्या पानांना देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी पडतात. पूर्ण पान फिकट झालं तर नत्राची शंका घ्यावी, शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला तर मॅग्नेशियमची. लोह तसं फिरत नाही. त्याची कमतरता शेंड्याच्या कोवळ्या पानांत दिसते, हिरव्या शिरांची जाळी आणि मधे फिकट पिवळं, कधी जवळजवळ पांढरं पान. उन्हाळ्यात लिंबू, जास्वंद, मोगरा, गुलाब यांच्यात हे सर्रास दिसतं.

आणि बहुतेक वेळा मातीत लोह नसतं असं नाही. ते असतं, पण झाडाला घेता येत नाही. आपली काळी माती मुळातच चुनखडीची आणि विम्लधर्मी. त्यात बोअरचं जड पाणी रोज दोनदा पडलं की विम्लता आणखी वाढते आणि लोह अडकून बसतं. वऱ्हाड-नागपूरकडे आणखी एक खास सवय आहे : कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घालायची. हेतू चांगला, पण कूलरमधून उडून जातं ते निव्वळ पाणी, क्षार सगळे टाकीतच राहतात. आठवड्यानंतरचं ते पाणी म्हणजे क्षारांचा काढाच. आरओच्या यंत्रातून बाहेर टाकलेल्या पाण्याचीही तीच गत. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरला असेल, पानांची टोकं आणि कडा तपकिरी होऊन वाळत असतील, तर खत बंद करा. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधं पाणी हळूहळू ओतून क्षार धुऊन काढा. लोहासाठी बाजारात चिलेटेड लोह मिळतं, चुनखडीच्या मातीत ते हिराकशीपेक्षा जास्त काळ उपयोगी पडतं. हिराकस नुसती मातीत टाकली तर तीही लवकरच अडकून बसते.

ज्याला त्याला एप्सम सॉल्ट टाकायची सध्या जी लाट आली आहे, तिच्याबद्दल थोडं बोलतो. ते मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियमच कमी असेल तर औषध, नसेल तर आणखी एक क्षार, आणि वर कॅल्शियमच्या वाटेत अडथळा. टोमॅटोच्या फळाचं खालचं टोक काळं पडून खोलगट होतं, ते कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्यामुळे. आणि ते पोचत नाही, कारण दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी पूर, असा आपला पाण्याचा कारभार असतो. फवारणीच्या आधी तो कारभार सुधारा.

मिरचीचं पान आकसलं की आपण म्हणतो, बोकड्या आला. पण पान वळलंय कुठे? कडा वर वळून होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे शोधा. खाली वळलं असेल तर पिवळी कोळी. पान बारीक होऊन झाड खुरटलं आणि पांढरी माशी उडताना दिसली, तर विषाणू. त्यावर औषध नाही, झाड काढून टाकावं. आणि पानावर बारीक फिकट ठिपके पडून ते धुरकट दिसायला लागलं, तर लाल कोळी. पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावरचे धुळीचे कण चालायला लागले, तर ती धूळ नव्हे. कोरड्या उष्ण हवेत लाल कोळीची पिढी आठवड्याभरात तयार होते. रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारणं हा पहिला उपाय. घरातलं कुठलंही कीटकनाशक मारू नका, कोळीला खाणारे मित्रकीटक त्यात आधी मरतात. निंबोळी तेल चालेल, पण ऊन उतरल्यावर. भर उन्हात तेल मारलेली पानं करपतात, आणि मग मला आणखी एक फोटो येतो.

फुलं गळतात, ही तक्रार मात्र मी सोडून देतो. दिवसा पारा ३५ च्या वर गेला आणि रात्रीही २४-२५ च्या खाली आला नाही, की टोमॅटोचा पराग नीट काम करत नाही, फूल गळतं. यावर काही टाकायचं नसतं.

शेवटचं, एकाएकी मेलेल्या झाडाबद्दल. काल हिरवं होतं, आज सगळंच लोंबलं, पानं पिवळीसुद्धा पडली नाहीत, माती ठीक, मुळं ठीक. असं वांगं किंवा टोमॅटो असेल तर बुडाजवळ खोड कापा आणि तो तुकडा काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टांगा. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरायला लागले, तर तो जिवाणूजन्य मर रोग. कोकणात आणि गोव्यात वांगं लावणाऱ्यांना हा चांगलाच ओळखीचा आहे. धागे नाहीत, पण खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी पट्टा दिसला, तर बुरशीची मर. दोन्हींत झाड वाचत नाही. ते जाळून टाका, कात्री स्पिरिटनं पुसा, आणि त्या कुंडीत पुन्हा टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा लावू नका.

माती टाकून द्यावी लागतेच असं नाही. ती ओलसर करून गच्चीवर पाच-सहा इंचांच्या थरात पसरा, वरून पातळ प्लॅस्टिक घट्ट ताणून कडा दाबून घ्या, आणि मे महिन्याच्या उन्हात महिना-दीड महिना तशीच राहू द्या. सूत्रकृमी आणि बऱ्याचशा बुरश्या त्यात मरतात, जिवाणूही कमी होतात. प्लॅस्टिक पारदर्शक घ्या, काळ्याखाली माती तेवढी तापत नाही. आणि हे काम मृग लागायच्या आत उरका, नंतर असं ऊन मिळणार नाही.