लेनी ट्रिस्टॅनो: आधी गळा, मग वाद्य

१९१९ मध्ये शिकागोत जन्मलेले आणि लहानपणीच दृष्टी गमावलेले पियानोवादक लेनी ट्रिस्टॅनो यांनी जॅझमधले आर्ट टेटम आणि पाश्चात्त्य अभिजात संगीतातले बाख दोघांनाही पचवलं. त्यांचं जॅझ कोरडं, गणिती आहे, असा आक्षेप घेतला जातो. पण त्यांची शिकवणी पाहा: लेस्टर यंग यांचं सॅक्सोफोनवादन शिष्यानं आधी चढउतारांसकट गाऊन दाखवायचं, वाद्य नंतर. निव्वळ हिशेबी माणूस असं शिकवणार नाही. १९४९ मध्ये त्यांच्या संचानं वादकांचा क्रम तेवढा ठरवला. स्वरपट्टी, लय, सुरावट काहीच आधी न बांधता, केवळ एकमेकांना ऐकत ध्वनिमुद्रण केलं. मग शिष्य गुरूची नक्कल झाले का? ली कोनिट्झ ऐका. कितीतरी तरुण सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांच्यामागे धावत होते, तेव्हा कोनिट्झ यांनी आपला हलका, सरळ स्वर सोडला नाही.