नादारीचा अर्ज करण्यापूर्वी
(जयसिंगपूर येथील भाषण)



२०१९ च्या महापुराने शिरोळ तालुक्यातील उभा ऊस नेला. कर्ज मात्र जागेवर राहिले. अशा कुटुंबाला १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याचा आधार आहे. पण न्यायालयाने दिलेली मुक्तता केवळ ऋणकोची असते. जामीन राहिलेला शेजारी बांधलेलाच राहतो. गहाण जमिनीवरील धनकोचा हक्कही संपत नाही. आधीच्या दोन वर्षांत घर बायकोच्या नावे केले असल्यास ते हस्तांतर रद्द होऊ शकते. उलट, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने शेतकऱ्याचे राहते घर, औते व बैल साध्या कर्जाच्या जप्तीपासून वाचतात. मग लपवाछपवी कशाला?

बड्या उद्योगांची कर्जे निर्लेखित होतात, तेव्हा कोणाची मान खाली जात नाही. श्रमिकाने तरी ती का घालावी? मात्र जामीनदाराला अंधारात ठेवून अर्ज करू नये; त्याला सोबत घेऊनच वकिलाकडे जावे.