ऑप्टोमेट्रीच्या प्रवेशाची मुलाखत
(वार्षिक मेळाव्यातील विद्यार्थी-मार्गदर्शन सभेत केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबे अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. त्यांची तेथे वाढलेली मुले सुट्टीत आजी-आजोबांकडे आली म्हणजे या मेळाव्यासही अगत्याने येतात. त्यांपैकी काहींचा विचार तेथील ऑप्टोमेट्रीच्या विद्यालयात प्रवेश घेण्याचा आहे. म्हणून कार्यकारी मंडळाने या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. विषय लहानसा दिसतो. परंतु मुलाची चार वर्षे आणि बहुधा कर्जाचा मोठा बोजा त्यात गुंतलेला असतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे चष्म्याचा दुकानदार, अशी आपल्याकडे अजून पुष्कळांची समजूत आहे. अमेरिकेत या व्यवसायाचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९०१ साली केला. आज तेथे सामान्यतः महाविद्यालयाची पदवी घेतल्यावर आणखी चार वर्षे शिकावे लागते आणि मग ‘डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री’ ही पदवी मिळते. डोळे तपासणे, चष्मा व कॉन्टॅक्ट लेन्स देणे, काचबिंदूसारखे रोग हुडकणे, औषधे लिहून देणे ही त्यांची कामे होत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मात्र नेत्रशल्यविशारदाकडे असते. काही राज्यांत लेसरचे ठराविक उपचारही ऑप्टोमेट्रिस्ट करतात. ओक्लाहोमाने तशी मुभा १९९८ सालीच दिली. अधिकाराच्या सीमा राज्यागणिक भिन्न असल्यामुळे, ज्या राज्यात शिकावयाचे तेथील कायदा उमेदवारास ठाऊक असलाच पाहिजे.

‘ओ. ए. टी.’ या परीक्षेत विज्ञान, वाचन, पदार्थविज्ञान आणि गणित यांची कसोटी लागते. अर्ज ‘ऑप्टमकॅस’ या सामायिक व्यवस्थेमार्फत जातो. पुष्कळ विद्यालये अर्ज येतील तसतसे बोलावणे धाडतात आणि जागा भरीत जातात. उशीर करणाऱ्याच्या वाट्याला उरलेल्या जागा येतात, एवढे सांगून आम्ही मुख्य मुद्द्याकडे वळतो.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न असा: “तुम्ही नेत्रवैद्य न होता ऑप्टोमेट्रिस्ट का होऊ इच्छिता?” येथे आईवडिलांना आमचे स्पष्ट सांगणे आहे. “मेडिकलला जमले नाही, म्हणून इकडे चालला आहे” हे वाक्य आपण पाहुण्यांसमोर, मुलाच्या देखत, किती सहज बोलून जातो! तेच त्याच्या मनात घर करून बसते आणि परीक्षकांपुढे नेमके जिभेवर येते. ते ओठांवर आले नाही, तरी चेहऱ्यावर दिसते. समोर बसलेल्या अध्यापकांनी सारा जन्म याच विद्येला वाहिलेला असतो. कोणाच्या दुसऱ्या पसंतीचा मान स्वीकारण्याची त्यांस गरज नसते. “यात रात्रीअपरात्री जावे लागत नाही” हे उत्तर खोटे नव्हे, पण तेवढेच उत्तर असेल तर ते तोकडे होय.

मग खरे उत्तर कोठून आणावे? ते दवाखान्यात मिळते. ऑप्टोमेट्रिस्टच्या शेजारी उभे राहून त्याचे काम पाहण्यास तिकडे ‘शॅडोइंग’ म्हणतात. केवळ तास भरण्यासाठी ते करू नये. डोळ्यांपुढे भिंगे बदलीत “हे बरे की ते?” असे विचारले जाते, तेव्हा आपले उत्तर चुकेल या भीतीने रुग्ण कसा गोंधळतो आणि त्यास धीर कसा दिला जातो, ते पाहावे. मधुमेहाचा रुग्ण नुसता चष्म्याचा नंबर पाहावयास येतो. त्यास काही त्रास नसतो, आणि तरीही दृष्टिपटलावर रक्ताचे ठिपके आढळतात. ती बातमी कोणत्या शब्दांत सांगतात, ते ऐकावे. आळशी डोळ्याच्या उपचारासाठी मुलाच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधावयाची असते. ते मूल ती दिवसभर उपटून टाकते, आणि आई रडकुंडीस येते. असे तीन-चार प्रसंग त्याच संध्याकाळी वहीत टिपून ठेवावेत. रुग्णाचे नाव-गाव मात्र कोठेही लिहू वा बोलू नये. रुग्णांची माहिती गुप्त राखण्यास तेथे १९९६ च्या कायद्याचे बंधन आहे. “मला लोकांची सेवा करणे आवडते” असे सांगणारे शेकडो असतात. पट्टी उपटणाऱ्या मुलाच्या आईस काय सांगितले गेले, हे सांगणारा लक्षात राहतो.

काही ठिकाणी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात प्रसंगांवरील प्रश्नांना तोंड द्यावे लागते. समजा, एक वृद्ध गृहस्थ मोटार चालविण्याच्या परवान्यासाठी नजर बरी असल्याचे लिहून मागतात. बहुतेक राज्यांत निर्बंधाविना परवान्यास २०/४० दृष्टी लागते, आणि त्यांची तेवढी भरत नाही. घरी दुसरे कोणी मोटार चालविणारे नाही. तेव्हा काय कराल? खोटे लिहून देता येत नाही, हे कोणीही सांगेल. परंतु नव्या चष्म्याने नजर सुधारते का, मोतीबिंदू आहे का, बाजारहाटाची दुसरी सोय कोणती, हे त्या गृहस्थांशी आदराने बोलता येते की नाही, ते परीक्षक पाहतात.

आपल्या मुलांचा एक संकोच आम्हांस वारंवार दिसतो. स्वतःची स्तुती करू नये, या संस्कारामुळे ती “आम्ही केले”, “आमच्या गटाने केले” असे म्हणतात. (आम्ही येथे ‘आम्ही’ म्हणत आहोत, ती व्यासपीठाची रीत झाली.) मुलाखतीत ‘मी’ म्हणावे, परीक्षकांस गट निवडावयाचा नसतो. याच्या उलट, पाठ केलेले उत्तर घडाघडा म्हणणे. घरी सराव घेताना वडीलधाऱ्यांनी पहिल्या उत्तरावर न थांबता “म्हणजे काय?” असे दोनदा विचारावे, पाठांतर दुसऱ्या प्रश्नालाच कोलमडते. एखाद्या विषयात गुण कमी असतील, तर कारण एका वाक्यात सांगावे, पुढे काय सुधारले ते दुसऱ्यात, आणि थांबावे. प्राध्यापकास दोष देऊ नये.

शेवटी “तुम्हांस काही विचारावयाचे आहे काय?” असे विचारतात. “नाही, धन्यवाद” म्हणून उठू नये. विद्यार्थ्यास प्रत्यक्ष रुग्ण कोणत्या वर्षी तपासावयास मिळतात, बाहेरच्या रुग्णालयांत पाठवितात का, हे विचारावे. व्यवसायाच्या राष्ट्रीय परीक्षेत तेथील किती विद्यार्थी उत्तीर्ण होतात, ते आकडे विद्यालये प्रसिद्ध करतात. ते आधी वाचून जावे आणि न समजलेले तेथे विचारावे. फीचे कर्ज फेडावयाचे असल्याने हे प्रश्न पालकांच्याही कामाचे आहेत; मात्र ते मुलानेच विचारावेत, आपण बाहेर बसावे. मुलाखत संपताच विचारलेले प्रश्न वहीत उतरून घ्यावेत. दुसऱ्या विद्यालयाचे बोलावणे आठवड्याभरातही येऊ शकते, आणि तेथे त्यांतले निम्मे पुन्हा भेटतात.